अभिजात मोटारी आणि मसल कारचा छंद, गोव्यातील

अभिजात मोटारी, गोव्यातील : सुमारे पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या मोटारी मूळ रूपात दुरुस्त करून चालत्या ठेवण्याचा गोव्यातील छंद. अमेरिकन मसल कारची (मध्यम आकाराच्या, जोरदार इंजिनाच्या गाडीची) ओढ ही त्याचीच एक शाखा. मात्र गोव्याच्या अंगणांत आणि पडव्यांत जपल्या गेलेल्या गाड्या प्रामुख्याने पोर्तुगीज अमदानीत बोटीने उतरलेल्या युरोपीय गाड्या आहेत. मसल कार येथे बहुतेकांसाठी स्वप्नातली गाडीच राहिली. बोलण्यात या दोहोंची वारंवार गल्लत होते, म्हणून संज्ञांचा विचार आधी करणे इष्ट.

गोव्यात कोणत्याही जुन्या गाडीला सर्रास ‘विंटेज’ म्हणतात. ब्रिटिश परंपरेत हा शब्द १९१९ ते १९३० या काळात बनलेल्या मोटारींपुरता मर्यादित आहे. भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ही संज्ञा लागू झाली. कायद्याची व्याख्या अशी सरकती असल्याने दरवर्षी नव्या गाड्या तिच्या कक्षेत येतात. प्रस्तुत नोंदीत म्हणूनच ‘अभिजात’ हा व्यापक शब्द वापरला आहे.

‘मसल कार’ची व्याख्या अधिक वादग्रस्त आहे. मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या, सामान्य ग्राहकाला परवडेल अशा गाडीत मोठ्या गाडीचे व्ही-८ (इंग्रजी ‘V’ आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचे) इंजिन बसवणे, हे तिचे सर्वमान्य सूत्र. पण हे सूत्र प्रथम कोणी अमलात आणले, याविषयी मतभेद आहेत. एक मत १९४९ च्या ओल्ड्समोबाइल रॉकेट ८८ कडे बोट दाखवते. तिच्यात ३०३ घनइंचांचे (घनइंच हे सिलिंडरांच्या एकूण आकारमानाचे माप), १३५ अश्वशक्तीचे नवे इंजिन तुलनेने हलक्या सांगाड्यात बसवले होते. काही जण १९५५ ची ३०० अश्वशक्तीची क्रायस्लर सी-३०० पुढे करतात, परंतु ती महागडी, श्रीमंतांची गाडी होती. १९५७ च्या रॅम्बलर रेबेलचा दावा तुलनेने बळकट आहे. आटोपशीर सांगाड्यात ३२७ घनइंचांचे इंजिन तिच्यात होते, पण ती फार थोड्या संख्येने बनली. १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून हा प्रकार सुरू झाला, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. पाँटिअ‍ॅकच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने, आपल्या मध्यम गाड्यांच्या इंजिनांवर ३३० घनइंचांची मर्यादा घातली होती. पाँटिअ‍ॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचे (सु. ६·४ लिटर) इंजिन स्वतंत्र गाडी म्हणून न देता, पाँटिअ‍ॅकच्याच टेम्पेस्ट मालिकेतील ‘ऐच्छिक जोड’ म्हणून दिले आणि ती मर्यादा चुकवली. मूळ इंजिन ३२५ अश्वशक्तीचे, तर तीन कार्बोरेटरांचे (हवा व पेट्रोल मिसळणाऱ्या भागांचे) ३४८ अश्वशक्तीचे होते. सूत्र जुने असले तरी तरुण ग्राहक, आवाक्यातली किंमत आणि त्यासाठीची जाहिरात ही तिन्ही अंगे येथेच प्रथम एकत्र आली. १७ एप्रिल १९६४ रोजी आलेली फोर्ड मस्टँग काटेकोरपणे ‘पोनी कार’ (आटोपशीर, खेळकर धाटणीची गाडी) या वेगळ्या वर्गातली. गोव्यातील शौकीन मात्र तिला मसल कारच म्हणतात.

त्या काळचे अश्वशक्तीचे आकडे वाचताना सावधगिरी हवी. अमेरिकन कंपन्या १९७१ पर्यंत सायलेन्सर, पंखा इ. भाग उतरवून चाचणीमंचावर मोजलेली ‘ग्रॉस’ शक्ती जाहीर करत. १९७२ पासून ‘नेट’ पद्धत रूढ झाली आणि त्याच इंजिनाचे आकडे एकाएकी उतरले. वाढते विमा हप्ते, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट यांनी या गाड्यांचा काळ संपवला.

गोव्याचा इतिहास याहून निराळा आहे. १९५० च्या दशकात भारतात आयातीवर कडक निर्बंध होते आणि ग्राहकाला अँबॅसडर, फियाट, स्टँडर्ड अशा मोजक्याच गाड्या मिळत. गोव्यात त्याच वेळी भारताच्या आर्थिक नाकेबंदीमुळे माल मुरगाव बंदरातून येई आणि लोहखनिजाच्या निर्यातीने पैसा खेळू लागला होता. मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन या गाड्या येथील रस्त्यांवर आल्या त्या या परिस्थितीमुळे. मर्सिडीज-बेंझ १८० डी तर टॅक्सी म्हणून धावे. तिचे डिझेल इंजिन जेमतेम ४० अश्वशक्तीचे, म्हणजे जीटीओच्या आठव्या हिश्श्याचे. पण ते दणकट होते, आणि गोव्यात ज्येष्ठ मंडळी आजही जिव्हाळ्याने आठवण काढतात ती त्याच गाडीची. १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर यांपैकी बऱ्याच गाड्या मुंबई व अन्यत्र विकल्या गेल्या, असे सांगितले जाते.

येथे एक तांत्रिक मुद्दा उपेक्षित राहतो. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची उजवी बाजू स्वीकारली. परंतु शेजारी ब्रिटिशांच्या ताब्यातील डावीकडून चालणारे मुलूख असल्याने गोवा आणि मोझांबिक यांना त्यातून वगळण्यात आले. मुक्तीनंतर गोव्यात वाहतुकीची बाजू बदलावी लागली नाही, ती यामुळे. मसल कारचे सुकाणू मात्र बहुधा डावीकडे असते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२० नुसार अशी गाडी यांत्रिक वा विद्युत इशारा-साधनाशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. उजव्या सुकाणूची, ५ लिटर व्ही-८ इंजिनाची मस्टँग भारतात अधिकृतपणे मिळू लागली ती २०१६ मध्ये.

गोव्यात जुनी गाडी सांभाळणे म्हणजे मुख्यतः गंजाशी झुंज. खारा वारा आणि जून ते सप्टेंबरचा मुसळधार पाऊस यांनी क्रोमचे बंपर, दारांच्या खालच्या कडा व फरशीचा पत्रा प्रथम जातो. गाडी पूर्ण प्लॅस्टिकने झाकल्यास आत वाफ धरून नुकसान वाढते. हवा खेळती असलेली पडवीच उत्तम. नवा पत्रा बाजारात मिळत नसल्याने तो हाताने ठोकून आकाराला आणावा लागतो. पत्राकाम करणाऱ्या जुन्या मेस्त्रीच्या हातावर हा सारा छंद उभा आहे, आणि मालकाच्या पैशापेक्षा त्या हाताचे मोल अधिक मानले पाहिजे.

दुसरी अडचण इंधनाची. भारतात २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका (झडपा टेकतात त्या कडा) त्यातील शिशावर अवलंबून असल्याने त्या झिजतात व कठीण धातूच्या बसवाव्या लागतात. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व कॉर्कची गॅस्केटे खराब करते. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी करण्यापूर्वी कार्बोरेटर रिकामा करतात. १०·७५ : १ संपीडन गुणोत्तराच्या, म्हणजे इंधनमिश्रण फार दाबणाऱ्या, जीटीओला तर कमी ऑक्टेनचे (दाबाखाली अवेळी पेटणारे) पेट्रोल पुरतच नाही, इंजिन ठोके देते.

विंटेज नोंदणीसाठी २०२१ च्या नियमांनुसार २०,००० रु. शुल्क असून ती दहा वर्षे वैध असते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येते, म्हणजे गोव्यात ‘जीए व्हीए’. अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. नुवे येथील अश्वेक विंटेज वर्ल्ड या संग्रहालयात जुन्या मोटारी पाहावयास मिळतात. मोटारपूर्व काळातील बैलगाड्या व रथ यांचा संग्रह बाणावली येथील गोवा चक्र येथे आहे.