एच-वन-बी व्हिसा: अमेरिकेतल्या स्थानिक नोकऱ्या आणि पगारांवरचा परिणाम

एच-वन-बी, म्हणजे आपल्या बोलण्यातला 'एचवन', हा अमेरिकेचा तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा. ज्या कामाला निदान पदवी लागते त्या कामावर तिथला मालक परदेशी माणसाला आधी तीन वर्षं आणि मग वाढवून एकूण सहा वर्षं ठेवू शकतो. हा व्हिसा कसा काढतात, स्टॅम्पिंगला काय काय कागद लागतात हे मराठी घरांना वेगळं सांगायला नको, पुण्यात तर प्रत्येक सोसायटीत लॉटरीकडे (अर्ज कोट्यापेक्षा जास्त आले की चिठ्ठ्या टाकून निवडतात, ती) डोळे लावून बसलेलं कुणी ना कुणी असतंच. इथे बघायचंय ते एवढंच, की असा माणूस घेतल्यावर तिथल्या माणसाच्या नोकरीचं आणि पगाराचं काय होतं. अलीकडच्या वर्षांत मंजूर झालेल्या अर्जांत सत्तर टक्क्यांच्या वर भारतात जन्मलेले लोक आहेत, त्यामुळे हा वाद अमेरिकेचा असला तरी त्यातला निम्मा पक्ष आपणच आहोत.

उगम

बाहेरून माणूस आणला की घरच्याचा पगार पडतो ही भीती व्हिसापेक्षा बरीच जुनी आहे. १८८५ च्या कायद्याने करार करून परदेशी मजूर आणायलाच बंदी घातली होती. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात 'एच-वन' हा वर्ग आला, तो विशेष गुणवत्तेच्या परदेशी माणसांसाठी होता आणि त्याला ना संख्येची मर्यादा होती ना पगाराची अट. १९८९ मध्ये नर्सेससाठी वेगळा वर्ग काढला, आणि २९ नोव्हेंबर १९९० ला सही झालेल्या कायद्याने उरलेल्या भागाचा आजचा एच-वन-बी केला, जो १ ऑक्टोबर १९९१ पासून लागू झाला. त्यामुळे जन्मसाल म्हणून कुणी १९५२ देतात, कुणी १९९०, कुणी १९९१. पगारावरच्या परिणामाचा विचार करायचा तर १९९० धरणंच जास्त योग्य, कारण वर्षाला ६५,००० ची मर्यादा आणि किमान पगाराची अट दोन्ही तेव्हा आल्या.

हा कायदा का झाला यावर दोन मतं दिसतात. एक मत असं की देशात इंजिनियर-शास्त्रज्ञ कमी पडणार होते म्हणून. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमधून १९८० च्या दशकाच्या शेवटी ६,७५,००० लोकांच्या तुटवड्याचा अंदाज बाहेर आला होता आणि तो फार गाजला. पण त्या हिशेबात पदवीधर किती घटतील एवढंच धरलं होतं, नोकऱ्या किती निघतील हे नीट धरलंच नव्हतं, आणि १९९२ मध्ये काँग्रेसच्या समितीसमोर त्या आकड्याची चांगलीच उलटतपासणी झाली. दुसरं मत असं की मालकांना माणसं हवी होती, कामगार संघटनांना लगाम हवा होता, आणि कायदा म्हणजे या दोघांतली तडजोड. कलमं वाचली तर दुसरं मत जास्त पटतं, कारण आधी मोकळ्या असलेल्या वर्गाला कुंपण याच कायद्याने घातलं.

पुढे मर्यादा वरखाली होत राहिली: १९९९ आणि २००० साठी १,१५,०००, २००१ ते २००३ साठी १,९५,०००, आणि २००४ पासून परत ६५,०००. त्यानंतर अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० वेगळे आले. विद्यापीठं यातून बाहेर आहेत.

पगाराची अट नेमकी काय आहे

सगळा वाद शेवटी इथेच येऊन अडतो, म्हणून जरा सविस्तर. पिटिशनच्या, म्हणजे व्हिसासाठी मालकाने सरकारकडे करायच्या मुख्य अर्जाच्या आधी मालकाला श्रम खात्याकडे एक अर्ज भरावा लागतो, त्याला सगळे 'एलसीए' म्हणतात. त्यात मालक लिहून देतो की तशाच कामाला मी माझ्याकडच्या इतरांना जे देतो ते, किंवा त्या भागात त्या कामाचा जो प्रचलित पगार आहे तो, यातला जो जास्त असेल तो देईन. या अर्जाची नोटीस कामाच्या जागी दोन ठिकाणी दहा दिवस लावावी लागते. ज्याने तिथे काम केलंय त्याने हा कागद पँट्रीत कॉफी मशीनशेजारच्या बोर्डावर पाहिलेला असणार: पदाचं नाव, किती माणसं घेणार, पगार किती, किती काळासाठी, तक्रार कुठे करायची. माणसाचं नाव त्यावर नसतं, पण छोट्या टीममध्ये ते कुणाचं आहे हे सगळ्यांना कळतं, आणि शेजारच्या डेस्कवरचा अमेरिकन सहकारी तो आकडा वाचून मनातल्या मनात स्वतःच्या पगाराशी ताडून बघतो.

हा प्रचलित पगार चार पातळ्यांत असतो. सरकारी पाहणीतून त्या भागातल्या त्या कामाचे पगार चढत्या क्रमाने लावतात, खालच्या एक तृतीयांश लोकांची सरासरी म्हणजे पहिली पातळी आणि वरच्या दोन तृतीयांशांची सरासरी म्हणजे चौथी. मधल्या दोन पाहणीतून येत नाहीत, त्या भागाकाराने काढतात: पहिली आणि चौथीतला फरक घ्यायचा, त्याला तीनने भागायचं. समजा पहिली ६०,००० डॉलर आणि चौथी १,२०,०००, तर दुसरी ८०,००० आणि तिसरी १,००,०००. हे सूत्र २००४ च्या कायद्यातून आलं. याचा अर्थ असा की पहिली पातळी साधारण सतराव्या शतमकाला बसते, म्हणजे शंभरातल्या त्र्याऐंशी जणांना त्याहून जास्त मिळतं, दुसरी चौतिसाव्याला, आणि चौथीसुद्धा सदुसष्टाव्यालाच थांबते. मधला माणूस, म्हणजे पन्नासावा, तिसऱ्या पातळीच्या आसपास. डॅनियल कोस्टा आणि रॉन हिरा यांनी इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटसाठी २०२० मध्ये दाखवलं की मंजूर जागांतल्या ६० टक्के पहिल्या दोन पातळ्यांवर, म्हणजे मध्याच्या खाली आहेत.

आणखी एक बारीक गोष्ट, जी बातम्यांत सहसा येत नाही. पातळी माणसाच्या अनुभवावर ठरत नाही, मालकाने त्या पदासाठी काय मागितलंय त्यावर ठरते. म्हणजे नऊ वर्षं घासलेला माणूस, पण पदाच्या वर्णनात फक्त पदवी मागितली असेल तर कागदावर पहिली पातळी चालू शकते. शिवाय श्रम खातं सात दिवसांत अर्ज मंजूर करतं आणि तपासतं काय, तर रकाने भरलेत का आणि उघड चूक आहे का. ऑक्टोबर २०२० मध्ये या पातळ्या एकदम ४५, ६२, ७८ आणि ९५ वर नेल्या होत्या, पण लोकांना म्हणणं मांडायला वेळ न देता नियम काढला म्हणून कोर्टाने डिसेंबरात तो उडवला. पुढचा सौम्य नियमही टिकला नाही.

संशोधन काय म्हणतं

जिओव्हानी पेरी, केविन शी आणि चॅड स्पार्बर यांनी १९९० ते २०१० ची २१९ शहरं घेतली. त्यांच्या मते कामकरी लोकांत परदेशी तंत्रज्ञांचा वाटा शंभरात एका माणसाने वाढला तर तिथल्या पदवीधर अमेरिकनांचे पगार ७-८ टक्क्यांनी आणि पदवी नसलेल्यांचे ३-४ टक्क्यांनी वाढले. विल्यम कर आणि विल्यम लिंकन यांनी पेटंटवरच्या भारतीय आणि चिनी नावांवरून दाखवलं की व्हिसा वाढले की शोध वाढतात आणि स्थानिक संशोधक बाहेर फेकले जात नाहीत.

याच्या अगदी उलट कर्क डोरान, अलेक्झांडर गेल्बर आणि ॲडम आयझन. त्यांनी लॉटरीच वापरली, ज्यांना लागली त्या कंपन्या आणि ज्यांना नाही लागली त्या, अशी तुलना. निष्कर्ष असा की एक एचवन आला की त्याच कंपनीतलं दुसरं कुणीतरी कमी होतं, पेटंट वाढलेली दिसत नाहीत, सरासरी पगार घटतो आणि नफा वाढतो. पण त्यांनी घेतलेल्या लॉटऱ्या २००६ आणि २००७ या आर्थिक वर्षांच्या, आणि त्यात चिठ्ठी फक्त कोटा संपला त्या शेवटच्या दिवशीच्या अर्जांची होती, म्हणजे उशिरा आलेले थोडे लोक. एप्रिल २००७ ला (म्हणजे २००८ च्या आर्थिक वर्षासाठी) मात्र पहिल्या दोन दिवसांतच सव्वा लाखाच्या आसपास अर्ज येऊन सगळ्यांचीच लॉटरी झाली, आणि ती घेऊन पराग महाजन आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये जो अभ्यास केला त्यात जिंकलेल्या कंपन्या वाढल्या आणि स्थानिकांची फारशी गच्छंती दिसली नाही. दोन्हींत हा नंतरचा जास्त भरवशाचा वाटतो, नमुना मोठा आहे म्हणून.

पण सरासरीत सगळं ठीक म्हणजे प्रत्येकाचं ठीक असं होत नाही, आणि हे कळकळीने सांगावंसं वाटतं. जॉन बाउंड, गौरव खन्ना आणि निकोलस मोरालेस यांचा हिशेब असा की १९९४ नंतर परदेशी भरती वाढली नसती तर २००१ मध्ये अमेरिकन संगणक तज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्के जास्त असते आणि त्यांच्या नोकऱ्या ६.१ ते १०.८ टक्के जास्त. फायदा झाला तो गिऱ्हाइकांना, कंपन्यांना आणि इतर पदवीधरांना. म्हणजे 'परिणाम होत नाही' म्हणणारेही चूक आणि 'सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या' म्हणणारेही, परिणाम होतो तो त्याच कामातल्या माणसावर.

बांधलेला माणूस

पगार दबतो त्याला डोक्यांच्या संख्येइतकंच कारण आहे ते माणूस जाग्यावर बांधलेला असण्याचं, आणि याकडे दोन्ही बाजूंचं दुर्लक्ष होतं. २००० च्या कायद्याने नवीन मालकाने पिटिशन टाकली की लगेच तिकडे रुजू व्हायची सोय केली, ती मोठी सुधारणा होती. पण ग्रीन कार्डला दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग दशकांत मोजायची वेळ आलीय, नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस, आणि तोपर्यंत मुलांची शाळा, घराचा हप्ता, सगळं टांगणीला. अशा माणसाला पगार वाढवून मागायची हिंमत होत नाही, आणि त्याने मागितला नाही की शेजारच्या अमेरिकनाचंही बळ कमी होतं. बेंचवर, म्हणजे काम न देता, बसवून पगार न देणं १९९८ पासून बेकायदा आहे, तरी कंत्राटी कंपन्यांतून आलेल्या बऱ्याच जणांनी ते सोसलंय.

त्याच १९९८ च्या कायद्यात, ज्या कंपन्यांचा एचवनवरच भर असतो त्यांना स्थानिकाला काढून जागा भरायची नाही अशी अट आहे, पण ६०,००० डॉलर पगार दिला किंवा माणूस मास्टर्स असला की सूट. तो आकडा तेव्हापासून तसाच आहे. २०१४ च्या शेवटी ऑरलँडोत डिस्नेच्या आयटी विभागातल्या साधारण २५० जणांना काढणार म्हणून कळवलं आणि जायच्या आधी त्यातल्या अनेकांना बदली माणसांना केटी द्यायला, म्हणजे आपलं काम शिकवायला लावलं. त्यावरचे दावे २०१६ मध्ये कोर्टाने फेटाळले, म्हणजे कायद्यात ते बसत होतं. वर्षानुवर्षं सांभाळलेली सिस्टिम दुसऱ्याला समजावून देऊन आपला बॅज परत करायचा, यात त्या माणसाचा अपमान आहेच, आणि समोर वहीत टिपणं घेत बसलेल्या आपल्या पोराचीही त्यात काही चूक नाही.

इतर उदाहरणं

शेतीत मेक्सिकन मजुरांची ब्रासेरो योजना १९४२ ते १९६४ चालली. ती बंद केल्यावर स्थानिक शेतमजुरांचे पगार वाढतील असा अंदाज होता. मायकेल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांना २०१८ मध्ये तशी वाढ दिसली नाही, मालकांनी टोमॅटो तोडायची यंत्रं आणली. १९८० मध्ये क्युबातून सव्वा लाख लोक आले आणि मायामीचं मनुष्यबळ सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं, त्यावर डेव्हिड कार्ड 'परिणाम नाही' म्हणतात आणि जॉर्ज बोर्हास शाळा सोडलेल्यांचे पगार बरेच पडले म्हणतात. बोर्हासांचा नमुना फार लहान आहे.

अलीकडचे बदल

कोटा आवळला की नोकरी स्थानिकालाच मिळते असंही नाही. ब्रिटा ग्लेनन यांना दिसलं की २००४ नंतर बहुराष्ट्रीय कंपन्यांनी भारत, चीन आणि कॅनडातल्या शाखांत भरती वाढवली. १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने नवीन अर्जांवर १,००,००० डॉलर लावले, आणि त्याच महिन्यात सरसकट लॉटरीऐवजी पगाराच्या पातळीप्रमाणे चिठ्ठ्या द्यायचा प्रस्ताव आला: चौथ्या पातळीला चार, पहिलीला एक. यात पातळी ठरते ती प्रत्यक्ष देऊ केलेल्या पगारावरून, पदाच्या वर्णनावरून नाही, म्हणजे वरची पळवाट बुजते, पण नुकतंच मास्टर्स संपवून पहिल्या नोकरीला लागलेल्या पोरांची शक्यता सगळ्यात कमी होते.