चढणीचे मासे आणि ‘लाखो अंडी’वाली थाप

कृष्णा-वारणेला नवं पाणी आलं की सांगलीकडं दरवर्षी तेच ऐकायचं, चढणीचे मासे (अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढणारे) बिनधास्त धरा, एक मादी लाखो अंडी घालते, काय संपतंय होय! घालते ना, पण नदीतली संख्या स्थिर असेल तर तिच्या आयुष्यभराच्या सगळ्या अंड्यांतून सरासरी दोनच मासे स्वतः अंडी घालायच्या वयापर्यंत टिकतात, बाकीची कुणीतरी खातं नाहीतर वाहून जातात. त्यात गाभोळीवाली, म्हणजे पोटात अंडी असलेली, मादीच उचलली की विषय संपला. अलास्कात ब्रिस्टल बे या उपसागरातनं सॉकाय सॅल्मन हा मासा नदीत चढतो तेव्हा टॉवरवरनं माणसं मासे मोजतात आणि पुरेसे वर जात नसतील तर मासेमारी बंद ठेवतात, कारण तो सॅल्मन एकदाच अंडी घालून मरतो. आपल्याकडं? बंधाऱ्याखाली, मासा अडकतो तिथंच जाळी.