ड्रायव्हरला फाइलचं नाव नको, नंबर द्या

सर्व्हरची डिस्क भरली म्हणून कुणीतरी भलीमोठी लॉग फाइल उडवतं, तरी जागा तसूभर मोकळी होत नाही. मग 'रिस्टार्ट मार' हा रामबाण मंत्र. मंत्र लागू पडतो, पण त्यात जादू नाही.

लिनक्समध्ये प्रोग्रॅमने फाइल उघडली की नावाचं काम संपतं. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याला एक छोटा आकडा देतं: फाइल डिस्क्रिप्टर, थोडक्यात एफडी. 0, 1, 2 हे इनपुट, आउटपुट आणि एररसाठी आधीच वापरात, म्हणून आपली पहिली फाइल बहुधा 3. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडचा बिल्लाच तो. शेजारच्या स्टँडवर, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये, 3 नंबरला भलत्याच्याच चपला. 'डिलीट'ने फक्त डिरेक्टरीतलं नाव जातं. डिस्क्रिप्टर उघडा आहे तोवर डेटा जागच्या जागी. रिस्टार्टने प्रोग्रॅम मरतो, त्याचे डिस्क्रिप्टर बंद होतात, जागा सुटते.

आता स्टोरेज ड्रायव्हरच्या, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या कर्नलमधल्या कोडच्या, चाचण्या. लूप ड्रायव्हर साध्या फाइलला डिस्क बनवतो. त्याच्या 'लूप सेट एफडी' कॉलला नाव चालतच नाही, आकडा लागतो. तरी चाचणीच्या प्रोग्रॅमला आपण पाथ (फाइलचा पत्ता) देतो आणि तो आपल्या मर्जीने फाइल उघडतो. मग वेगवेगळ्या पद्धतीने उघडलेली फाइल मिळाल्यावर ड्रायव्हर काय करतो, हे तपासायचं राहूनच जातं.

चाचणीच्या प्रोग्रॅमला पाथऐवजी एफडी घ्यायचा पर्याय दिला की फाइल उघडायचं काम त्याला बोलावणाऱ्याकडे. शेलने (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) उघडलेला 3 त्याने सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेसला आपोआप मिळतो. फाइल फक्त वाचायला उघडली असेल, तर लूप डिस्कही रीड-ओन्लीच दिसायला हवी. डिस्क जोडून झाल्यावर 3 बंद केला तरी वाचन चालू राहायला हवं, कारण ड्रायव्हर फाइलचा स्वतःचा रेफरन्स, म्हणजे फाइलवरची पकड, धरून ठेवतो. डिस्क सोडवल्यावर तो रेफरन्स सुटला नाही, तर लीक सापडलं.

2014 मध्ये लिनक्स 3.17 सोबत आलेल्या मेमएफडीला, म्हणजे मेमरीतच राहणाऱ्या फाइलला, तर डिस्कवर नावच नसतं. 'प्रॉक' या कर्नलच्या आभासी डिरेक्टरीतून तिचा पाथ मिळतो, पण तो दिला की फाइल नव्याने उघडली जाते: नवं ओपन फाइल डिस्क्रिप्शन (उघडल्याची कर्नलमधली नोंद), नवा ऑफसेट (वाचन कुठवर आलं ती जागा), नवे फ्लॅग (कसं उघडलं त्याच्या खुणा). मूळ डिस्क्रिप्टरवर ठरवलेलं त्यात येत नाही. म्हणून आकडाच हवा. आणि 3 ऐवजी कधीच न उघडलेला 47 दिला, तर 'ईबीएडीएफ' (चुकीचा डिस्क्रिप्टर) एरर यावी, कर्नल कोसळू नये. ही चाचणी मी सगळ्यात आधी लिहीन.