उइगरांचे फोटो : कॅमेरा कोणाच्या हातात होता
उइगर म्हणजे चीनच्या शिनजियांग प्रांतातले तुर्की भाषा बोलणारे मुस्लिम लोक. त्यांचं नाव निघालं की आता चीन सरकारने त्यांना डांबलेल्या छावण्या आणि काटेरी कुंपणं आठवतात, पण तिथल्या काश्गर, यारकंद, खोतान भागात कॅमेरा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच पोचला होता आणि तो कोणी, कशासाठी नेला होता हे बघितल्याशिवाय आजच्या फोटोंचा अर्थ नीट लागत नाही.

सुरुवातीला सगळे बाहेरचेच. ऑरेल स्टाइन 1900 मध्ये काश्मीरहून गिलगिट, हुंझामार्गे काश्गरला गेला, वाळूत गाडली गेलेली शहरं शोधायला (त्याने आणलेल्या बऱ्याच वस्तू आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत). माणसांचे फोटोही काढले, पण डोक्यांची मापं घेण्याच्या कामाचा भाग म्हणून. मग 1906 ते 1908 मॅनरहाइम. रशियन सैन्यातला अधिकारी, शास्त्रीय मोहीम सांगून निघालेला, खरं काम हेरगिरी, आणि पुढे हाच माणूस फिनलंडचा राष्ट्राध्यक्ष झाला! त्याचे हजाराच्या वर फोटो उरलेत. स्वीडिश मिशनऱ्यांचं जरा वेगळं, ते 1938 पर्यंत तिथे दवाखाने, शाळा चालवत राहिले, त्यामुळे त्यांच्या फोटोंत ओळखीची माणसं दिसतात.

1949 ला चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता आल्यानंतर बाहेरच्यांना दार जवळपास बंद झालं, ते 80 च्या दशकात परत उघडलं. 1998 मध्ये केव्हिन बुब्रिस्की या अमेरिकन फोटोग्राफरने काश्गरचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढले, गल्ल्या, कारागीर, गुरांचा बाजार, डोप्पा (उइगर टोपी) घातलेले म्हातारे, अगदी रोजचंच सगळं. 2009 पासून भूकंपाचं कारण देऊन जुन्या काश्गरची मातीची घरं पाडायला घेतली आणि ते साधे फोटो एकदम पुरावा होऊन बसले.

मला सगळ्यात जवळचं काम वाटतं ते लिसा रॉसचं. तिने मजारांचे, म्हणजे पीरांच्या थडग्यांचे फोटो काढले, तकलामकान वाळवंटात रोवलेल्या उंच काठ्या, त्यांना बांधलेल्या रंगीत चिंध्या, नवसाला ठेवलेल्या छोट्या बाहुल्या. माणूस जवळपास कुठेच नाही, पण कोणीतरी येऊन काहीतरी मागून गेलंय हे कळतं. या कामात तिला शिनजियांग विद्यापीठातल्या ‘राहिले दावूत’ या उइगर संशोधक बाईंची साथ होती, त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं गावोगाव फिरून मजार आणि लोकपरंपरा नोंदवल्या होत्या. 2017 च्या डिसेंबरमध्ये त्या गायब झाल्या, जन्मठेप झाल्याचं 2023 मध्ये बाहेर आलं. खोतानजवळचा इमाम आसिमचा मजारही बराचसा पाडला गेला, ते सॅटेलाइट फोटोंवरून कळलं, कारण जमिनीवरून फोटो काढायची सोय उरली नव्हती. 2018 मध्ये लू ग्वांग या नावाजलेल्या चिनी फोटोग्राफरलाही शिनजियांगमध्ये ताब्यात घेतलं होतं.

त्या काळात सामान्य घरांतले फोटोही धोक्याचे झाले, पोलीस मोबाइल तपासायला लागले, लोकांनी परदेशातल्या सख्ख्या नातेवाइकांना वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपवरून काढून टाकलं. आणि कॅमेरा पोलिसांच्या हातात गेला. 2022 च्या मे मध्ये फुटलेल्या पोलिसांच्या फाइल्समध्ये 2018 साली काश्गरजवळच्या एका काउंटीत काढलेले 2,800 हून जास्त चेहरे आहेत, सगळ्यात लहान मुलगी 15 वर्षांची, सगळ्यात मोठी बाई 73 ची. परदेशातले उइगर ते चेहरे एकेक करून बघत बसले, आपलं कोणी सापडतंय का म्हणून, आणि काहींना सापडलंही.