वस्तरा आणि कात्री यांच्या मधले बारा मिलिमीटर

केस कापायला वस्तरा आणि कात्री एवढीच हत्यारं होती, तोवर पुरुषाचं डोकं ढोबळमानाने दोनच तऱ्हेचं असे. वस्तरा फिरला की कातडीपर्यंत सफाचट आणि कात्री-कंगवा चालला की निदान बोटाच्या जाडीएवढे केस शिल्लक. मधल्या एक ते बारा मिलिमीटरांत सगळं डोकं एका उंचीवर आणणं कसलेल्या हातालाही जिकिरीचं होतं. जरा हात चुकला की पायऱ्या दिसायच्या. आज आपण ज्याला सोल्जर कट, मशीन कट, फेड किंवा नुसतं 'बारीक करा' म्हणतो, ते सगळं बव्हंशी या बारा मिलिमीटरांत बसतं. ही मधली जागा पुरुषांच्या वाट्याला आली ती मशीनमुळे. बारीक केसांचा इतिहास सांगताना फॅशनआधी त्या यंत्राकडे बघावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे डोक्यावरून वस्तरा फिरण्याला नेहमीच काहीतरी कारण असे. बाळाचं जावळ, मुंजीतलं शेंडी राखून केलेलं क्षौर, घरात कोणी गेल्यावर दहाव्याला उतरवलेले केस, फेडलेला नवस. एरवीही पांढरपेशा पुरुष घेरा ठेवत, म्हणजे कडेने वस्तऱ्याने साफ, माथ्यावर गोल केस आणि शेंडी. वरून पगडी किंवा पागोटं. नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, कंगवा, नखं काढायची नराणी, आरसा आणि पाण्याची वाटी असे आणि वर्षाच्या कामाचं बलुतं धान्यात मिळे. याच वस्तऱ्याने विधवांचं केशवपनही करवून घेतलं जाई. १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असं तिथे ठरलं. केसांच्या इतिहासात राजे आणि नटांचीच नावं जास्त येतात. हातात वस्तरा असलेल्या माणसांनी दिलेला हा नकार त्याहून कितीतरी मोठा आहे.

हाताने दाबून चालवायचं मशीन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात रुळलं. रचना साधी होती. कंगव्यासारखे दात असलेल्या दोन पोलादी पट्ट्या एकावर एक. खालची स्थिर, वरची डावी-उजवीकडे सरकणारी. मुठीत दोन दांडे, मध्ये स्प्रिंग. दांडे दाबले की वरची पट्टी सरकते आणि दातांच्या फटीत आलेला केस कात्रीत सापडल्यासारखा तुटतो. खालची पट्टी कातडीवर टेकलेली असल्यामुळे केस किती उरणार हे तिच्या जाडीवर ठरतं, कापणाऱ्याच्या नजरेवर नाही. सगळी मेख इथेच आहे. हाताच्या मशीनचा एक दोष मात्र ते अनुभवलेल्या कुणालाही सांगावा लागत नाही. मूठ दाबण्याचा आणि मशीन पुढे सरकवण्याचा ताल जमला नाही, किंवा दाब पूर्ण होण्याआधीच मशीन उचललं, तर अर्धवट पकडलेला केस मुळासकट ओढला जाई. मानेवर मशीन लागलं की पोरं खांदे आक्रसून बसत ती त्यामुळे.

अशाच बनावटीची मोठी मशीनं तबेल्यांतही चालत. हिवाळ्यात घोड्याच्या अंगावर दाट केस येतात, काम करून तो घामाने भिजला की लवकर वाळत नाही आणि गारठतो, म्हणून त्याचे केस उतरवत. घोडदळ असलेल्या सैन्यांना हे काम ओळखीचं होतं. सैनिकांच्या डोक्यावर मशीन फिरू लागण्यामागेही सोयीचाच हिशोब होता. शेकडो माणसं, थोडा वेळ, थोडे न्हावी, आणि उवा. १९०९ मध्ये ट्युनिसमध्ये फ्रेंच डॉक्टर शार्ल निकोल यांनी टायफस हा ताप उवांमुळे पसरतो हे दाखवलं आणि त्याबद्दल त्यांना १९२८ चं नोबेल मिळालं. टायफस आणि पहिल्या महायुद्धातला खंदकज्वर हे दोन्ही पसरवणारी ऊ प्रामुख्याने अंगावरची, म्हणजे कपड्यांच्या शिवणीत राहणारी. त्यामुळे डोकं भादरून हे रोग टळत होते, असं म्हणता येणार नाही. पण डोक्यातल्या उवा कमी होत, जखम धुता येई आणि भरती झालेला प्रत्येक जण पहिल्याच दिवशी सारखा दिसे. शेवटचं कारण सैन्यांना बहुधा सर्वांत मोलाचं वाटलं असावं.

जपानात हा बदल फार झपाट्याने झाला. १८७१ मध्ये मेइजी सरकारने पुरुषांना डोक्यावरची पारंपरिक गाठ कापायची मोकळीक दिली आणि पुढच्याच दशकात पॅरिसच्या बारिकाँ ए मार कंपनीची मशीनं तिथे पोचली. आपल्याकडे शेंडीवरून घराघरांत वाद रंगत होते तो साधारण हाच काळ.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. इलिनॉय राज्यातल्या स्टर्लिंग गावचा लिओ वॉल हा तरुण आपल्या डॉक्टर काकांच्या मसाज करणाऱ्या विजेच्या यंत्रावर काम करत होता. ती यंत्रं विकायला न्हाव्यांच्या दुकानांत जाताना त्याने तिथली हत्यारं जवळून पाहिली. विजेवर केस कापायचे प्रयोग त्याआधीही झाले होते, पण मोटर बाहेर कुठेतरी आणि तिथून लवचीक नळीतून हातातल्या पात्यांपर्यंत गती, असा तो पसारा असे. वॉलने मोटरच मुठीत आणली. १९१९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. काही वर्षांतच विस्कॉन्सिनमधल्या रॅसीन शहरातून अँडिस आणि ऑस्टर ही नावं या धंद्यात उतरली. ही तिन्ही नावं आजही मोठ्या सलूनच्या टेबलावर दिसतात. १९२० च्या दशकात बायकांमध्येही मानेपर्यंत केस कापायची लाट आली आणि तिचाही या मशीनना हातभार लागला.

त्या मशीनचा आतला प्रकार बघण्यासारखा आहे. त्यात फिरणारी मोटर नसते, फक्त तारेचं वेटोळं आणि त्यासमोर लोखंडी जीभ. आपल्या घरच्या विजेची दिशा सेकंदाला ५० आवर्तनांनी बदलते. प्रत्येक आवर्तनात वेटोळं दोनदा जीभ ओढतं, म्हणजे पातं सेकंदाला शंभर वेळा हलतं. कानामागे मशीन आलं की ऐकू येणारी घरघर ती हीच. हाताचं मशीन ओढायचं ते मूठ आणि सरकणं यांचा मेळ चुकल्यामुळे. इथे पातं स्वतःच्या वेगाने चालतं, न्हाव्याने फक्त मशीन सरकवायचं. पण वीजच नसेल तर? महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं आणि खेड्यापाड्यांत वीज पोचायला त्यानंतरही पुष्कळ काळ गेला. त्यामुळे बाजाराच्या दिवशी झाडाखाली खुर्ची टाकून बसणाऱ्या कारागिराच्या हातात दाबायचं मशीन फार उशिरापर्यंत राहिलं. पुढे भारनियमनाच्या वर्षांत, म्हणजे दोन हजारच्या दशकात, शहरवजा गावांतल्या सलूनवाल्यांनाही कापता कापता हात थांबवावा लागे. चार्जिंगवर चालणारी मशीनं आपल्याकडे इतकी झटपट स्वीकारली गेली, त्यात या अनुभवाचा वाटा नक्की आहे.

नंबर आले ते पात्यावर चढवायच्या प्लॅस्टिकच्या कंगव्यांबरोबर. हिशोब इंचाचा आहे, एका नंबरला इंचाचा आठवा भाग. एक नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे १०, चार म्हणजे १३ आणि आठ म्हणजे पुरता एक इंच, २५. कंगवा न लावता फिरवलं की झिरो. झिरो म्हणजे गोटा नव्हे, त्यातही खुंट राहतात. गुळगुळीत हवं असेल तर वस्तराच लागतो. हे एकदा ध्यानात ठेवलं की न्हाव्याशी बोलणं फार सोपं होतं.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकी तरुणांनी बारीक केस नागरी जीवनात आणले. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत पोचले, केस वाढवायची लाट आली आणि तिथल्या न्हाव्यांची दुकानं अडचणीत आली. पण अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांमधली न्हाव्यांची दुकानं या सगळ्या काळात मशीनवरच टिकून होती. घट्ट कुरळ्या केसांना मशीन कात्रीपेक्षा नेमकं आकार देतं. तिथेच फेड घडला, म्हणजे मानेपाशी जवळजवळ कातडी आणि वर जाताना केस कुठे वाढले हे कळू न देता वाढवलेली लांबी. ऐंशीच्या दशकात त्याचं उंच माथ्याचं रूप जगभर पोचलं. आज सांगली-लातूरच्या सलूनबाहेर फेडचे फोटो लावलेले असतात; त्या कामाचं श्रेय त्या दुकानांना द्यायलाच हवं.

फेडमध्ये खरं कसब दोन नंबरांच्या सांध्यावर लागतं. खाली एक नंबर आणि वर तीन नंबर फिरवला की मध्ये टोपी घातल्यासारखी रेघ उमटते. ती घालवायला कारागीर मधला कंगवा घेतो, मशीनच्या बाजूची छोटी दांडी वर-खाली करत पात्यांमधलं अंतर बदलतो आणि रेघेपाशी आल्यावर मनगट बाहेर वळवून मशीन डोक्यापासून उचलतो. न उचलता सरळ वर गेला की रेघ आणखी वर सरकते. चांगला कारागीर हे करताना दर थोड्या वेळाने मागे सरकून उजेडात बघतो, कारण जवळून रेघ दिसत नाही, सावली दिसते. घाईत असलेल्याकडून फेड करून घेऊ नये, हे मी अगदी मनापासून सांगेन.

आपल्याकडे बारीक केस फार काळ शिस्तीशी बांधलेले राहिले. पोलीस भरती, एनसीसी, वसतिगृह, कडक मास्तर. ते आवडीने करून घेण्याची लाट आणण्यात २००८ च्या अखेरीस आलेल्या आमिर खानच्या एका चित्रपटाचा आणि नंतर क्रिकेटपटूंचा मोठा वाटा आहे. मग २०२० आलं. मार्चपासून सलून बंद; महाराष्ट्रात ती २८ जूनला उघडली, तीही फक्त केस कापण्यापुरती, दाढीला परवानगी नव्हती. नाभिकांच्या घरांवर त्या तीन महिन्यांत जे ओढवलं ते विसरण्यासारखं नाही. त्याच काळात असंख्य घरांत ट्रिमर आला आणि भावाने भावाचे, बायकोने नवऱ्याचे केस कापले. तेव्हा एक घोटाळा सर्रास झाला. सलूनमधला 'दोन नंबर' ६ मिलिमीटरचा, पण दाढीच्या ट्रिमरवरचा २ हा आकडा बऱ्याचदा थेट मिलिमीटरचा. सवयीने दोन लावला आणि डोक्यावर वाट पडली, असं घरोघरी घडलं.

लांबी निवडताना मुख्यतः दोन गोष्टी बघाव्यात. केस विरळ होत असतील तर लांब ठेवून झाकण्यापेक्षा एक-दोन नंबर बरा, कारण केस आणि कातडी यांच्या रंगातला फरक कमी उठून दिसतो. दुसरी गोष्ट भोवऱ्याची. तिथे केस चारी दिशांना वळतात, म्हणून मशीन एकाच बाजूने फिरवलं तर गोल ठिगळ राहतं. तिथे चहूबाजूंनी फिरवावं लागतं. दोन भोवरे असलेल्याची दोन लग्नं होतात असं आपल्याकडे म्हणतात. ते राहू द्या, पण तीनपेक्षा कमी नंबरला ते दोन्ही भोवरे लख्ख दिसणार हे खरं. केसांच्या वळणाच्या दिशेने मशीन फिरवलं तर त्याच नंबरला केस जरा लांब राहतात, उलट दिशेने आखूड. म्हणून बिचकत असाल तर आधी वळणाच्या दिशेने आणि मोठ्या नंबरने सुरुवात करावी.

किती दिवस टिकेल हा साधा गुणाकार आहे. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटरपर्यंत वाढतात, दिवसाला एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास. एक नंबरचे ३ मिलिमीटर दुप्पट व्हायला नऊ-दहा दिवस पुरतात, चार नंबरला महिन्याहून जास्त लागतो. फेडमध्ये खालची बाजू जवळजवळ शून्यावर असल्यामुळे ती आठवड्यातच काळवंडते आणि पंधरा दिवसांनी फेड उरत नाही, नुसते बारीक केस उरतात. सगळीकडे एकच नंबर असेल तर घरी निभावतं. फक्त मानेमागची रेघ आणि कल्ले दुसऱ्याच्या हातून करून घ्यावेत. मशीन घरचं असेल तर वापरल्यावर ब्रशने दात साफ करून पात्यांवर मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि ते क्षणभर चालू ठेवायचं. कोरड्या पट्ट्या घासून तापतात, धार जाते, आणि मग विजेचं मशीनही जुन्या हाताच्या मशीनसारखेच केस ओढायला लागतं.