पदरमोडीचा धंदा: गेम कन्सोल तोट्यात विकण्यामागचा इतिहास

नोव्हेंबर २०२० मध्ये ५०० डॉलरला आलेला सोनीचा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, प्लेस्टेशन ५ ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत ५५० डॉलरचा झाला. तितक्याच किमतीला आलेला मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स २०२५ मध्ये दोनदा महागला आणि ऑक्टोबरात ६५० डॉलरवर पोचला. कन्सोल जुना होईल तसा स्वस्त होत जायचा, ही अनेक दशकांची रीत होती. ती का मोडली हे कळण्यासाठी या कंपन्या मुळात पदरमोड करून यंत्रं का विकत आल्या आणि त्यात कोणाचे हात कसे पोळले, हे पाहावं लागतं.

यंत्र खर्चाच्या आसपास किंवा त्याहून कमी भावात घराघरांत पोचवायचं आणि मग त्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे, तो कोणीही बनवलेला असो, आपला वाटा घ्यायचा, असा हा हिशेब. डिजिटल दुकानात आज तो वाटा साधारण ३० टक्के असतो. पण तोटा पहिल्याच दिवशी वहीत चढतो, कमाई मात्र पुढची पाच-सहा वर्षं थोडीथोडी येते. तीही यंत्रावर परस्पर गेम विकण्याची वाट इतरांना बंद असेल, लोक गेम घेत राहतील आणि उत्पादनखर्च दरवर्षी उतरत जाईल तरच.

यातली पहिली अट अटारी या सुरुवातीच्या अमेरिकी कन्सोल कंपनीला पाळता आली नाही. कंपनीची खरी कमाई कार्ट्रिजवर, म्हणजे यंत्रात घालायच्या गेमच्या डब्यांवर, होती, पण १९७९ मध्ये तिच्याच प्रोग्रॅमरांनी बाहेर पडून अ‍ॅक्टिव्हिजन काढली आणि अटारीच्या यंत्रासाठी गेम विकायला सुरुवात केली. त्या पाठोपाठ इतरही आले आणि सुमार कार्ट्रिजचे ढीग लागले. १९८३ मध्ये अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या वर गेला. जपानी कंपनी निन्टेन्डोने त्यातून धडा घेतला. अमेरिकेत यंत्र आणताना तिने आत कुलूप-चिप बसवली, त्यामुळे परवान्याशिवाय बनवलेलं कार्ट्रिज चालेना. पुढचा सगळा धंदा या कुलपावर उभा राहिला.

थ्रीडीओ या कन्सोलची गोष्ट उलटी आहे. तिथे रॉयल्टी, म्हणजे प्रत्येक गेममागचा वाटा, थ्रीडीओ कंपनी घेणार होती आणि यंत्र बनवणार होत्या पॅनासॉनिकसारख्या दुसऱ्या कंपन्या. गेममधून फारसं काही मिळणार नसेल तर यंत्र तोट्यात कोण विकेल? १९९३ मध्ये त्याची किंमत ७०० डॉलर ठेवली गेली आणि ते चाललं नाही.

सेगा या जपानी कंपनीचं जे झालं ते मला या इतिहासातलं सर्वांत वेदनादायी प्रकरण वाटतं, कारण तिचं यंत्र खरोखर चांगलं होतं. १९९५ मध्ये अमेरिकेत तिचा सॅटर्न ४०० डॉलरला आला, तर सोनीने प्लेस्टेशन ३०० ला दिला. त्या किंमतयुद्धात सेगाची तिजोरी रिकामी होत गेली. १९९९ मध्ये तिचा पुढचा कन्सोल ड्रीमकास्ट अमेरिकेत २०० डॉलरला उतरला तेव्हा तोटा सोसायची ताकद फारशी उरली नव्हती. त्यात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या गेम कंपनीने त्यासाठी गेम करायला नकार दिला आणि २००० मध्ये कुलूपही फुटलं: साध्या सीडीवर उतरवलेले गेम यंत्रात चालू लागले. जानेवारी २००१ मध्ये सेगाने कन्सोलचा धंदा सोडला. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःची सुमारे ७० कोटी डॉलरची संपत्ती कंपनीला दिली. मार्चमध्ये ते गेले.

सोनीचे खिसे खोल होते, तरी प्लेस्टेशन ३ ने त्यांचाही तळ दाखवला. २००६ मध्ये त्याचं महागडं मॉडेल ६०० डॉलरला होतं. आयसप्लाय या संस्थेने ते उघडून पाहिलं आणि खर्चाचा अंदाज सुमारे ८४० डॉलर काढला. सेल नावाचा प्रोसेसर आणि ब्लू-रे डिस्क चालवणारा भाग ही त्यातली मोठी ओझी. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या गेम विभागाचा तोटा २३० अब्ज येनच्या वर गेला. शिवाय सगळे ग्राहक गेमसाठी येत नव्हते. यंत्रावर लिनक्स ही संगणकाची प्रणाली चालत असल्यामुळे अमेरिकी हवाई दलाने १,७६० प्लेस्टेशन जोडून एक महासंगणकच उभा केला. अशा गिऱ्हाइकाकडून रॉयल्टीचा एक पैसाही येत नाही. सोनीने २०१० मध्ये लिनक्सची सोय काढून टाकली. प्रामाणिक वापरकर्त्यांवर तो अन्याय होता, असं माझं ठाम मत आहे.

मायक्रोसॉफ्टला विंडोजचा आधार होता. पहिल्या एक्सबॉक्सवर तिने अब्जावधी डॉलर घालवले. २००७ मध्ये एक्सबॉक्स ३६० बिघडू लागला तेव्हा वाढीव वॉरंटीसाठी आणखी एक अब्जाहून अधिक बाजूला काढले. गेम कंपनी एपिक विरुद्ध अ‍ॅपल खटल्यात २०२१ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यानेच साक्ष दिली, की कन्सोलच्या विक्रीवर आम्ही कधीच नफा कमावलेला नाही.

निन्टेन्डो बहुधा या वाटेला जात नाही. पण २०११ मध्ये हातात धरून खेळायचा थ्रीडीएस खपेना म्हणून जपानात तिने किंमत २५,००० येनवरून १५,००० वर आणली आणि त्या वर्षी कंपनीला कित्येक दशकांत न पाहिलेला तोटा झाला.

आता गाडं अडलंय ते उत्पादनखर्चावर. पूर्वी चिप लहान होत गेली की स्वस्तही होत असे, म्हणूनच २०१३ मध्ये ४०० डॉलरला आलेला प्लेस्टेशन ४ तीन वर्षांत ३०० ला मिळू लागला. ती उतरण जवळजवळ थांबली आहे. त्यात भर अमेरिकी आयातशुल्काची. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागाचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी सांगितलं होतं, की प्रत्येक एक्सबॉक्समागे कंपनी १०० ते २०० डॉलर पदरचे घालते. आज त्याच मायक्रोसॉफ्टचे गेम प्लेस्टेशनवरही विकले जातात. मग एक्सबॉक्समागे एवढी पदरमोड करायचं कंपनीला कारणच उरत नाही, आणि वाढलेला भाव थेट खेळणाऱ्याच्या माथी येतो.