कोलॅजेनची टक्केवारी येते कुठून?

‘त्वचेतील कोलॅजेन इतक्या टक्क्यांनी वाढले’ असा दावा सौंदर्यप्रसाधनांच्या आणि कोलॅजेन पावडरींच्या जाहिरातींत आता सर्रास वाचायला मिळतो. हा आकडा नेमका कशाचा, कोणत्या नमुन्यातून आणि कोणत्या पद्धतीने काढला, हे मात्र तिथे क्वचितच सांगितलेले असते. त्वचेच्या तुकड्याची प्रतिमा घेऊन संगणकाने कोलॅजेन मोजण्याची पद्धत संशोधनात चांगलीच रुळली आहे आणि ती उपयुक्तही आहे. तिच्यातून निघणारा आकडा मात्र रंग, प्रकाश आणि मोजणाऱ्याने आखलेली सीमारेषा या तिन्हींवर अवलंबून असतो.

कोलॅजेन हे शरीरात सर्वांत मोठ्या प्रमाणावर असणारे प्रथिन आहे. अंतस्त्वचेतील, म्हणजे त्वचेच्या आतल्या जाड थरातील पाणी काढून टाकले, तर उरलेल्या वजनाचा सुमारे 70 टक्के भाग त्याचाच असतो. त्याच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, ही रचना 1954-55 मध्ये मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. हा रेणू सुमारे 300 नॅनोमीटर लांब असतो, पण त्याची रुंदी जेमतेम दीड नॅनोमीटर असते. असे असंख्य रेणू एकाच दिशेने रचले जाऊन तंतू बनतो आणि पुढचे सगळे प्रकाशशास्त्र या एकदिश रचनेवरच उभे आहे.

कोलॅजेन मोजण्याची जुनी रासायनिक पद्धत म्हणजे नमुना तीव्र आम्लात उकळून त्यातील हायड्रॉक्सिप्रोलिन या अमिनो आम्लाचे प्रमाण काढणे. त्यातून एकूण कोलॅजेन बऱ्यापैकी अचूक कळते, परंतु नमुना नष्ट होतो आणि कोलॅजेन नेमके कुठे होते हे समजण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून बायोप्सीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवून, पॅराफिन मेणात बसवून, मायक्रोटोमने त्याचे सुमारे 5 मायक्रोमीटर जाडीचे काप घेतात आणि ते रंगवतात. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात कोलॅजेन आणि स्नायू दोन्ही गुलाबीच दिसतात, त्यामुळे मोजणीसाठी वेगळा रंग लागतो. त्यांपैकी सर्वांत मनोहारी म्हणजे पिक्रोसिरियस रेड. ध्रुवित प्रकाशासह त्याचा वापर 1979 मध्ये ब्राझीलच्या लुईस कार्लोस जुंकेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला.

या रंगाची किमया थोडी सविस्तर पाहण्याजोगी आहे. सूक्ष्मदर्शकात नमुन्याच्या खाली एक ध्रुवण-गाळणी बसवली, तर तिच्यातून एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश पुढे जातो. वर दुसरी गाळणी पहिलीशी काटकोनात ठेवली की तो प्रकाश पूर्ण अडतो आणि दृश्य काळे होते. मात्र मध्ये कोलॅजेनचा तंतू आला की चित्र बदलते. तंतूच्या लांबीच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश आणि आडव्या दिशेने कंप पावणारा प्रकाश त्यातून वेगवेगळ्या वेगाने जातात, म्हणजेच तंतूत द्विअपवर्तन होते. बाहेर पडताना एक घटक दुसऱ्याच्या मागे राहिलेला असतो. त्यामुळे एकत्र आल्यावर प्रकाशाचे ध्रुवण बदलते आणि त्यातला काही भाग वरच्या गाळणीतून निसटून काळ्या पार्श्वभूमीवर तंतू चमकतो. हे मागे राहणे तंतूची जाडी आणि दोन दिशांतील अपवर्तनांकांचा फरक यांच्या गुणाकाराइतके असते. सिरियस रेडचे लांबट रेणू आपल्या आम्लगटांनी कोलॅजेनमधील आम्लारिधर्मी अमिनो आम्लांना चिकटून तंतूला समांतर बसतात आणि हा फरक वाढवतात. त्यामुळे पातळ, सैल तंतू हिरवट, तर जाड आणि दाट तंतू पिवळे, नारिंगी ते तांबडे दिसतात.

कोलॅजेनचे अनेक प्रकार असतात; तांबडे म्हणजे पहिल्या प्रकारचे कोलॅजेन आणि हिरवे म्हणजे तिसऱ्या प्रकारचे, हा समज इथूनच पसरला आणि शोधनिबंधांतही अजून डोकावतो. वस्तुतः रंग सांगतो तो जाडीबद्दल आणि बांधणीबद्दल. काप 5 ऐवजी 8 मायक्रोमीटर जाडीचा घेतला, तर तोच तंतू वेगळ्या रंगाचा दिसू शकतो. प्रकार ओळखायचा असेल, तर त्या त्या प्रकाराला चिकटणारी प्रतिपिंडे वापरावी लागतात. शिवाय गाळणीच्या अक्षाला समांतर असलेला तंतू पूर्ण काळा पडतो आणि 45 अंशांतला सर्वाधिक चमकतो. अंतस्त्वचेत तंतू सर्व दिशांना विणलेले असल्यामुळे साध्या ध्रुवित प्रकाशात कोलॅजेन हमखास कमी मोजले जाते. त्यावर उपाय म्हणजे वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश, किंवा एकूण प्रमाणासाठी सरळ साध्या प्रकाशातील तांबडा रंग मोजणे.

यानंतर काम संगणकाचे. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरव्या आणि निळ्या घटकांसाठी 0 ते 255 असे आकडे असतात. कोणत्या आकड्यापुढचा पिक्सेल ‘कोलॅजेन’ धरायचा, याची सीमारेषा एक तर माणूस ठरवतो, नाही तर जपानी संशोधक ओत्सू यांच्या 1979 मधल्याच पद्धतीसारखी गणिती रीत ठरवते. ही रीत पिक्सेलचे दोन गट अशा बेताने पाडते की त्या गटांमधील फरक जास्तीत जास्त व्हावा. अडचण अशी की कोलॅजेन अजिबात नसलेल्या प्रतिमेतही ती दोन गट पाडतेच आणि त्यातल्या एकाला आपण भाबडेपणाने कोलॅजेन म्हणून मोकळे होतो. म्हणून सर्व नमुने एकाच दिवशी, एकाच रंगद्रावणात रंगवून, दिव्याची तीव्रता आणि कॅमेऱ्याची मांडणी कायम ठेवून आणि नमुना कोणाचा हे मोजणाऱ्याला न कळू देता मोजावे लागतात.

  

पिक्सेल मोजून कळते ते कापावर कोलॅजेनने व्यापलेले क्षेत्रफळ; त्यावरून आकारमानाचा अंदाज घेण्याची ही कल्पना मुळात भूगर्भशास्त्रातली आहे. 1847 मध्ये फ्रान्सच्या अशील डेलेस यांनी दाखवले की खडकाच्या कापलेल्या पृष्ठभागावर एखाद्या खनिजाने व्यापलेल्या क्षेत्राचे प्रमाण हे त्या खनिजाच्या आकारमानाच्या प्रमाणाइतकेच असते. त्यांनी खनिजांचे आकार पातळ पत्र्यावर उतरवून, कापून, तुकड्यांचे वजन केले होते. आज पत्र्याच्या जागी पिक्सेल आले आहेत, पण प्रमाण काढताना छेदस्थानी काय घ्यायचे हा प्रश्न तसाच आहे. बाह्यत्वचा, केसांची मुळे आणि ग्रंथी मोजणीत धरल्या, तर टक्केवारी उतरते आणि वगळल्या, तर चढते. सूज येऊन अंतस्त्वचेत पाणी साचले, तर कोलॅजेनचा कणही न घटता त्याची टक्केवारी कमी दिसते. म्हणूनच काळजीपूर्वक काम करणारे संशोधक टक्केवारीसोबत अंतस्त्वचेची जाडीही मोजतात आणि शक्य असेल तिथे शेजारच्या तुकड्यातील हायड्रॉक्सिप्रोलिनशी आपला आकडा ताडून पाहतात.